परटिणीचा हशा

एका विद्यापीठात एक नाट्यविभाग होता. इतर विभागांतली मुलं परीक्षेला घाबरत, इथली मुलं घाबरत रिकाम्या खुर्च्यांना. दरवर्षी हा विभाग एक विनोदी संगीत नाटक बसवी आणि सगळ्या गावाला पोटभर हसवी.

यंदाच्या नाटकात राजा झाला होता विश्राम. अंगात कला ठासून भरलेली, पण हशा दुसऱ्याला मिळाला की गड्याच्या पोटात दुखे. आणि नेमकं तेच झालं. रेवा नावाच्या मुलीचा नाटकात एकच प्रवेश होता. ती परटीण होऊन यायची, राजाच्या मळक्या कपड्यांचं गाठोडं आपटायची आणि गाता गाता त्याची हजेरी घ्यायची. पहिल्याच प्रयोगात लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या प्रयोगाला राजेसाहेबांना अचानक सर्दी झाली. रेवाचं हशाचं वाक्य आलं रे आलं, की मागून सणसणीत शिंक. लोक राजाकडे बघून हसले. रेवाचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही.

प्रयोग संपल्यावर ती त्याला म्हणाली, "विश्रामदादा, उद्या माझ्या वाक्यांवर शिंकू नकोस रे. बाबा येणार आहेत. नाटकाचं खूळ पुरे, आता बी.एड. कर, असं म्हणतायत. उद्याचं काम बघून काय ते ठरवणार."

"शिंक काय विचारून येते?" विश्राम म्हणाला. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच.

तिसऱ्या प्रयोगाला रेवाचे बाबा पहिल्या रांगेत बसले. हाताची घडी, कपाळाला आठ्या. रेवा आली, गाठोडं आपटून गाऊ लागली. तिचं हशाचं वाक्य आलं आणि राजेसाहेब असे काही शिंकले, की डिंकाने चिकटवलेली झुपकेदार मिशी उडून गाठोड्यावर पडली. विश्रामचं धाबं दणाणलं. पुढचं वाक्यच आठवेना. प्रेक्षक थोडं हसले आणि मग चुळबुळू लागले.

रेवाने ठरवलं असतं, तर त्याची चांगलीच फजिती होऊ दिली असती. पण तिने मिशी चिमटीत धरली, उलटसुलट न्याहाळली आणि शांतपणे विचारलं, "महाराज, ही पण धुवायची का?"

सगळं नाट्यगृह खो खो हसत सुटलं. विश्रामच्या जिभेवर लगेच एक फक्कड उत्तर आलं. ते फेकलं असतं, तर हशा पुन्हा त्याचाच झाला असता. तेवढ्यात त्याला बाबा दिसले. हाताची घडी सुटली होती, पण ओठ अजून घट्ट दाबलेले होते. विश्रामने उत्तर गिळलं. बिनमिशीचं तोंड घेऊन, मान खाली घालून, तो गरीब गाईसारखा नुसता उभा राहिला. ते बघून लोक आणखी हसले. आता बाबांनाही आवरेना. मांडीवर थापा मारत, डोळे पुसत ते हसले.

नाटक संपल्यावर बाबा रंगपटात आले. रेवाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बी.एड. राहू दे. हेच कर, पोरी."

मग ते विश्रामकडे वळले. "राजेसाहेब, शिंकलात झकास. पण मला खरं हसू आलं, ते तुम्ही गप्प उभे राहिलात तेव्हा."

तात्पर्य: दुसऱ्याचं कौतुक चाललेलं असताना ज्याला गप्प उभं राहता येतं, त्याच्या वाट्याचं कौतुक त्याला शोधत येतं.