गेनबाने गिअरबॉक्सला शिकवलं

पिंपळदरा नावाच्या गावात गेनबा म्हणून एक भोळा ड्रायव्हर होता. भोळा म्हणजे किती, तर कोणी "जरा थांब" म्हणून गेलं, की तो माणूस परत येऊन "जा आता" म्हणेपर्यंत हा तिथेच उभा. त्यामुळे त्याची एकही नोकरी आठवडाभर टिकत नसे.

शेवटी त्याची बायको यमुना वैतागली. गाठोडं उचलून म्हणाली, "मी चालले करंजवाडीला, माहेरी. एका नोकरीत तीस दिवस टिकून दाखवा, मगच मला न्यायला या."

गेनबाला घर खायला उठलं. यमुनेवर त्याचा फार जीव होता. शिवाय त्याला भाकरी थापता येत नव्हती.

गावाबाहेर माळावर गिअरबॉक्सचा कारखाना होता. तिथल्या सबनीस बाईंनी नवा गिअरबॉक्स तयार केला होता. गिअर नऊ, आणि नऊच्या नऊ आपोआप पडायचे. तो एका गाडीत बसवून रस्त्यावर चालवून बघायला त्यांना माणूस हवा होता. त्या म्हणाल्या, "ज्याला काही म्हणता काही कळत नाही, त्यालासुद्धा ही गाडी चालवता आली पाहिजे. असा माणूस आणायचा कुठून?"

गेटवरचा वॉचमन म्हणाला, "बाई, लांब जायची गरज नाही."

पहिल्या दिवशी बाईंनी गेनबाला गाडीत बसवलं. गिअरचा दांडा स्वतः 'डी'वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, ठेवला. म्हणाल्या, "डावा हात मोकळा, डावा पाय मोकळा. गिअर गाडी आपला आपण टाकील. तुम्ही काही करायचं नाही."

गेनबाने काही केलं नाही. गेटपासून रस्ता सरळ आणि उताराचा. गाडी निघाली. दुसरा पडला, तिसरा पडला, चौथा पडला. उताराच्या टोकाला कडब्याची गंजी होती. गाडी तिच्यात शिरली आणि थांबली.

बाई धावत आल्या. "अहो, ब्रेक का नाही दाबलात?"

"तुमीच म्हनला, काय बी करायचं न्हाई."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "हे बघा, पुढे काही आडवं आलं की ब्रेक दाबायचा. ते बाजूला होईपर्यंत हलायचं नाही."

"आता कळलं," गेनबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो घाटात गेला. पहिल्याच वळणावर डोंगर आडवा आला. गेनबाने ब्रेक दाबला. दुपार झाली. मागे सहा ट्रक, एक एसटी आणि उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या राहिल्या. बाई स्कूटर घेऊन आल्या.

"गाडी बंद पडली का?"

"न्हाई. डोंगर आडवा आलाय. त्यो बाजूला झाला की निघतो."

"डोंगर कधी हलतो का, गेनबा? चढ आला की थांबायचं नाही. ॲक्सिलरेटर दाबायचा आणि चढून जायचं!"

"असं व्हय!"

तिसऱ्या दिवशी कँटीनच्या दारात पोती चढवायला तिरकी फळी लावली होती. गेनबाला चढ दिसला. तो थांबला नाही. गाडी फळीवरून थेट आत गेली ती उपम्याच्या पातेल्यापाशी थांबली. आचारी झारा घेऊन टेबलावर चढला. गेनबा मात्र उतरून, गाडी तिथेच सोडून घरी गेला, कारण भोंगा झाला होता.

चौथ्या दिवशी बाईंनी त्याला बोलावलं. गेनबा रडायलाच लागला. "बाई, काढू नका. माझी यमुना येनार न्हाई." बाईंना दया आली. मनात त्यांना हेही पटलं होतं, की फळीवर खालचा गिअर अगदी वेळेवर पडला होता.

"रडू नका. एकच ध्यानात ठेवा. संध्याकाळचा भोंगा झाला, की जे जिथून काढलं ते तिथेच नेऊन लावायचं. उतार असला तर मागे दगड ठेवायचा. आणि हा गिअरबॉक्स शिकतो बरं का, चालवणाऱ्याची सवय उचलतो. महिनाभर नीट चालवा, शहाणा होईल."

हे मात्र गेनबाने मनावर घेतलं. रोज गाडी चालवायची, भोंगा झाला की जागेवर लावायची, मागे दगड ठेवायचा. मधूनमधून बॉनेट थोपटून म्हणायचं, "शीक बाबा, शीक."

तिसावा दिवस उजाडला. मोटारी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे तीन पाहुणे गिअरबॉक्स पसंत करायला आले. गाडीत मागच्या सीटवर बसून कागद वाचू लागले. बाई म्हणाल्या, "गेनबा, आता हा तुमच्याइतकाच तयार झालाय. मी फाइल घेऊन आलेच."

गेनबा विचारात पडला. आज यमुनेला आणायला हवं, आणि इकडे नोकरी सोडून जाता येत नाही. पण गिअरबॉक्स तर आपल्याइतकाच तयार! त्याने दांडा 'डी'वर टाकला, खाली उतरला आणि बॉनेटपाशी वाकून म्हणाला, "करंजवाडीला जा. चिंचेखालचं घर. यमुनेला घिऊन ये."

गाडी निघाली. बाई बाहेर आल्या तेव्हा ती गंजीत शिरलेली होती.

तासाभराने ट्रॅक्टर गाडी ओढत वर आला. पाहुण्यांच्या डोक्यात कडबा होता, पण चेहरे खुलले होते. "बाई, काय गिअरबॉक्स केलाय! गिअर कधी बदलले ते कळलंच नाही. गाडीत ड्रायव्हर नाही हेसुद्धा गंजीत शिरल्यावर कळलं!"

आणि पुढच्या सीटवर गाठोडं घेऊन यमुना बसली होती. नोकरीचे तीस दिवस भरल्याचं कानावर आलं म्हणून बिचारी आपली आपणच निघाली होती, गंजीपाशी गाडी भेटली.

गेनबा नाचायचाच बाकी राहिला. "बघा बाई! आनली का न्हाई त्यानं!"

गिअरबॉक्स पसंत झाला. बाईंनी गेनबाला तिथल्या तिथे कायम केलं आणि दुपारनंतर सुट्टी दिली. यमुनेचे डोळे भरून आले. घरी येऊन तिने चूल पेटवली, पिठलं टाकलं, पहिली भाकरी तव्यावर घातली.

तेवढ्यात माळावर भोंगा झाला.

गेनबा उठला. त्याने यमुनेचा हात धरला. तिला वाटलं, नवरा कायम झाला, देवाला नेतोय. ती हसत निघाली. तो तिला टेकडीवरून थेट करंजवाडीला घेऊन गेला आणि चिंचेखालच्या अंगणात नीट, दाराकडे तोंड करून उभी केली.

सासरे बाहेर आले. "जावईबापू, आजच तर निघाली होती! परत का आणली?"

"भोंगा झाला, मामा," गेनबा म्हणाला. अंगणाला उतार होता. त्याने इकडेतिकडे बघून एक चांगला दगड शोधला, यमुनेच्या टाचेमागे लावला आणि निश्चिंत मनाने घरी जायला निघाला.