नावाडी आणि टेकायची फळी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. ऊन कोवळं, आभाळ धुतल्यासारखं, आणि तळं इतकं निपचित की काठावरची बाभूळ पाण्यात उलटी उभी दिसत होती. नाव वल्हवायला शिकायला याहून बरा दिवस नाही.

अशा दिवशी एका तळ्याकाठच्या गावात एका नावाड्याकडे एक मुलगी आली. आली म्हणजे बापाने पाठुंगळी आणली. तिचे पाय लुळे होते. हात मात्र भक्कम, घरचं जातं तीच ओढायची.

ती म्हणाली, "काका, मला वल्हवायला शिकवा. वैदू म्हणतो, दुखणं पायांवर थांबायचं नाही, वर चढेल. हात आहेत तोवर शिकवा."

नावाडी भला माणूस. त्याने तिला गूळ-शेंगदाणे दिले, जवळ बसवलं. पण तिथल्या नावाड्यांची एक रीत होती. तळं पोहून पार केल्याशिवाय कुणाच्या हाती वल्हं द्यायचं नाही. नाव उलटली तर निदान काठ गाठता यावा, म्हणून.

मुलीने त्यावरही तोड काढली होती. तरंगायला पाठीला सुके भोपळे बांधा, म्हणाली, आणि नावेत टेकायला एक फळी ठोका. नाव नावाड्याची स्वतःचीच होती. फळीही घरात पडून होती.

"पटतंय गं पोरी," तो म्हणाला, "पण चार जणांना विचारतो. दरसालच्या नावपूजेला सगळे जमतात, तेव्हा बघू."

नावपूजेला त्याने विचारलं. एक म्हणाला, बुडाली तर जाब कोण देणार? दुसरा हसला, ही वल्हवणार की मखरात बसणार? 'नाही' असं कुणीच म्हटलं नाही, आणि 'हो' असंही म्हटलं नाही. पुढच्या पूजेला बघू, असं ठरलं. पुढच्या पूजेलाही तेच. मुलगी आपली काठावर बसून असायची. मग तीही यायची बंद झाली.

शेवटी नावाड्याला राहवेना. एका सकाळी त्याने कुणालाच न विचारता फळी ठोकली. मुलीच्या घरी गेला, तिला उचलून आणलं, भोपळे बांधले, नावेत नीट टेकवून बसवलं आणि वल्हं हातात दिलं.

वल्हं घसरून पाण्यात पडलं. त्याने काढून परत दिलं. परत पडलं. मुलीची बोटं मिटतच नव्हती.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "मला घरी सोडा."

तिला पोचवून नावाडी आपल्या उंबऱ्यावर येऊन बसला. शेजारच्या म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. तो तिला एकच सांगत राहिला, मावशी, मी त्या पोरीला कधी नाही म्हटलं नव्हतं.

तात्पर्य म्हणाल तर म्हातारी त्याला बोलली तेच: "नाही म्हटलं असतंस, तर ती दुसऱ्या गावच्या नावाड्याकडे तरी गेली असती रे बाबा. तू बघू म्हणालास, म्हणून पोर तुझ्याच काठावर थांबली."