घाटावरचा लिलावाचा दिवा

फार पूर्वी, आता नेमकं किती ते मला विचारू नका, नदीकाठच्या एका गावात एक कातारी राहायचा. चरकावर लाकूड धरून ते गोल, गुळगुळीत कातायचं, हा त्याचा धंदा. त्या मुलखात तेव्हा एका खेळाचं भलतंच वेड होतं. मोठ्या मेजावर हस्तिदंती चेंडू मांडायचे आणि लांब निमुळत्या काठीने ढकलून कोपऱ्यांतल्या जाळ्यांत पाडायचे. काही शौकीन तर खेळतही नसत. नुसत्या काठ्या जमवायचे आणि भिंतीला लावून बघत बसायचे! घ्या, हौसेला मोल नाही.

कातार्‍याच्या बापाच्या हातची एकच काठी आता उरली होती. शिसवीची, मुठीवर शिंपल्याची वेल बसवलेली. घराचं छप्पर पडायला आलं होतं, म्हणून कातार्‍याने ती लिलावात काढली.

त्या गावची लिलावाची रीत निराळी होती. दिवेलागणीला पाटील घाटावरच्या दगडी खांबावर मोठा दिवा लावायचे. तेल संपेपर्यंत बोली खुली. पैलतीरावरची गिऱ्हाइकं तो उजेड बघून होडीत बसायची आणि त्याच्यावर नजर ठेवून नदीतल्या खडकांमधून वाट काढायची. दिवा राखायचा तो विकणाऱ्याने. वाऱ्याने विझला तर लगेच पेटवायचा, तेल संपलं तर तसं सांगायचं. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून कोणी दिव्यात डोकावत नसे.

कातारी स्वभावाने घाबरट. सकाळपासून त्याचं एकच चाललं होतं, "गोजरे, कोणी आलंच नाही तर? काठी मातीमोल गेली तर?"

त्याची बायको गोजरा हसून म्हणाली, "अहो, किती जीवाला घोर लावून घ्याल! मी जाते पलीकडे, चार शौकीन घेऊन येते. तुम्ही फक्त दिवा सांभाळा."

संध्याकाळी दिवा लागला, आणि नेमकं धुकं उतरलं. घाटावर गावातले थोडे लोक आणि एक परका शौकीन, एवढेच. बोली रडतखडत चालली होती. गोजराचा पत्ता नाही.

तेवढ्यात तो परका त्याच्या कानाशी लागला. "शेवटची बोली माझी आहे. ही थैली वेगळी घे आणि मार फुंकर. आता कोण येतंय धुक्यातून? वाट बघशील तर मीही निघून जाईन."

"पण तेल आहे अजून..."

"कोण बघतंय?"

खरंच कोणी बघत नव्हतं. कातार्‍याला वाटलं, गोजरा आज पलीकडेच राहिली असणार. त्याने दिव्याला पाठीआड घेतलं, फुंकर मारली आणि ओरडला, "तेल संपलं!"

"काठी पाहुण्यांची," पाटील म्हणाले. लोक उठू लागले.

आणि नदीतून हाक आली. "दिवा! अरे, दिवा कुठंय?"

मग लाकूड खडकावर घासल्याचा आवाज आला. मग बाईची किंकाळी. तो आवाज गोजराचा होता.

त्याने चकमक शोधली. परक्याने त्याचं मनगट घट्ट पकडलं. "वेडा झालास? दिवा पेटला की बोली पुन्हा उघडते. तेल शिल्लक होतं हे सगळ्या गावाला कळेल. थैली परत द्यावी लागेल. तोंड कुठे लपवशील?"

पुन्हा किंकाळी आली, या वेळी लांबून. होडी वाहवत चालली होती.

"घे तुझी थैली!" म्हणत कातार्‍याने ती त्याच्या अंगावर फेकली. पुन्हा पुन्हा चकमक झाडली, पण ठिणगी वातीवर पडेना. देवा, एकदा पेटू दे! शेवटी कसाबसा वातीने पेट घेतला, आणि दिवा पहिल्यासारखा ढणढणा जळू लागला.

नाव आली, एका बाजूने फुटलेली. माणसं गळ्यापर्यंत भिजलेली. पण सगळी होती. गोजरा कुडकुडत पायरीवर बसली आणि म्हणाली, "उजेड गेला तेव्हा सगळे रडायला लागले. मी त्यांना सांगत होते, भिऊ नका. दिवा माझ्या नवऱ्याच्या हातात आहे, तो विझू द्यायचा नाही."

पाटलांनी दिव्यात बोट बुडवलं. ते तेलाने निथळत बाहेर आलं. त्यांनी कातार्‍याकडे पाहिलं.

"मीच विझवला," कातारी म्हणाला.

गोजरा पदर पिळत राहिली.

पाटलांनी बोली पुन्हा उघडली. पण त्या काठीला कोणी हात लावला नाही. परका तर केव्हाच पसार झाला होता. काठी घरी आली, पडक्या छपराखाली कोपऱ्यात उभी राहिली. गोजराने संसार केला, हसली, बोलली. पण कातारी घाटावर असला की ती पुन्हा कधी होडीत बसली नाही.

आता तात्पर्य सांगायलाच हवं तर ऐका: ठरल्या मुदतीपर्यंत जळू देईन म्हणून लावलेला दिवा आपल्या एकट्याचा नसतो. त्याच्या भरवशावर अंधारात कोण निघालंय, हे फुंकर मारणाऱ्याला दिसत नाही.