पोटाशी धरलेला हात

रानात पायवाटही नव्हती तेव्हाची गोष्ट. एका वानरीचं पिल्लू तिच्या पोटाला घट्ट बिलगायचं नाही. मग ती त्याला एका हाताने धरून उड्या मारायची.

म्हातारी आत्या म्हणाली, "अगं, सगळी पिल्लं आईला धरतात. तुझ्या पिल्लाला तू धरतेस. बोटांत जोर नाही त्याच्या. आत्तापासूनच त्याला रोज फांदी धरायला लाव."

"रडतं हो ते! मोठं झालं की धरेल आपोआप."

एके दिवशी बिबट्या झाडावर चढला. पलीकडची फांदी लांब होती, दोन्ही हातांनीच पकडता येणार होती.

"घट्ट धर रे बाळा!" म्हणत वानरीने उडी मारली.

फांदी हाती आली. पोटाशी कुणीच नव्हतं.

त्यानंतरही वानरी एकाच हाताने उड्या मारायची. दुसरा हात पोटाशीच असायचा.