रंगरावांच्या गाडीचा आवाज

नगराध्यक्ष रंगरावांनी गाडीचा सायलेन्सर काढून सरळ नळी बसवून घेतली. म्हणे, चार गल्ल्यांना कळलं पाहिजे कोण आलंय! "आवाज वाढंल, पण चढाला गाडी ओढणार नाही," इलाही मिस्त्रीनं बजावलं होतं. ऐकतो कोण!

दुसऱ्याच दिवशी टेकडीवर, टँकरची वाट बघत उभ्या बायकांसमोर, गाडी गर्जत गर्जत मागं घसरली. रंगरावांनी मिस्त्रीला तिथंच बोलावून घेतलं. "एवढा आवाज, आणि चढ चढत नाही? गॅरेजला टाळं ठोकीन!"

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "साहेब, नुसत्या आवाजानं चढता आलं असतं, तर तुमच्या भाषणांनी पाणी कधीच टेकडीवर चढलं असतं."

एकीच्या हातून हंडा निसटला आणि ठणठणत उतारावरून गेला. रंगरावांचं तोंड उघडंच राहिलं. आवाज मात्र फक्त त्या रिकाम्या हंड्याचा येत होता.