बांधाखालचे पांढरे धागे

डोंगरपायथ्याच्या एका गावात दोन जावा राहत होत्या. दोघींची वावरं शेजारीशेजारी, मध्ये फक्त एक बांध. थोरलीचं नाव अनसूया. अनसूया म्हणजे जिला मत्सर शिवत नाही ती. पण धाकट्या हौसाचं काही बरं झालं की हिच्या पोटात दुखायचं.

त्या वर्षी दोघींनी एकाच दिवशी मिरचीची रोपं लावली आणि पावसाने दडी मारली. विहिरीचं पाणी दोघींना सारखंच, रोज वीस घागरी. तरी अनसूयेच्या रोपांनी माना टाकल्या आणि हौसाची मात्र टवटवीत राहिली. अनसूयेच्या वावरात हिरवी होती ती फक्त बांधालगतची एक ओळ. पण तिची नजर स्वतःच्या वावरावर ठरायची कुठे?

एका सकाळी खुरपताना तिला बांधाखाली कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले. हौसाच्या रोपांच्या मुळांपासून निघून ते थेट आपल्या वावरात शिरलेले. ही माझ्या वाट्याचं पाणी ओढतेय, असं तिच्या मनाने घेतलं. हौसाला विचारावं, हे काही सुचलं नाही. तिने कुदळ आणली, बांधालगत गुडघाभर चर खणला आणि सगळे धागे तोडून टाकले. त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली.

पाचव्या दिवशी पाहते, तर हौसाची रोपं होती तशीच उभी. वाळली होती ती तिची स्वतःची बांधालगतची ओळ.

हौसाने येऊन चर पाहिला आणि काय झालं ते ओळखलं. "जाऊबाई, ही बुरशी आहे, पण रोपाच्या उपयोगाची," ती म्हणाली. "मुळं पोचत नाहीत तिथली ओल हे धागे आणून देतात. लावणीच्या वेळी मी जुन्या झाडाखालची माती मुळाशी घातली, तिच्यातून ते वाढले. ते तुमचं पाणी नेत नव्हते, तुमच्या रोपांना देत होते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते. तुम्ही दार लावून घेतलंत."

अनसूयेने चर बुजवला. मग जन्मात पहिल्यांदा तिने धाकटीपुढे ओंजळ धरली आणि मूठभर माती मागितली. हौसाने पाटीभर दिली. वाळलेली ओळ काही परत आली नाही, पण बाकीची निम्मी रोपं तगली.

तात्पर्य: दुसऱ्याची मुळं तोडायला निघालेल्याने आधी बघावं, आपल्याला ओल कुठून मिळते ते.