राहिलेला आशीर्वाद

एकदा एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडला लागून असलेल्या चर्चमध्ये, एक वृद्ध पाळक उपदेशासाठी पाहुणे म्हणून आले. तिथला तरुण पाळक त्यांचाच शिष्य. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, तो त्यांना गुरुजी म्हणत असे आणि अजूनही तेच म्हणायचा. तीन वर्षांत त्याने चर्चचा कायापालट केला होता. नवा रंग, नवे बाक, आणि स्टँडचा गोंगाट आत येऊ नये म्हणून खिडक्यांना जाड काचा. कौतुकाचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, मग या शिष्याला कसा आवरावा? फाटकापासूनच तो एकेक गोष्ट दाखवू लागला.

गुरुजी मात्र फाटकातच थांबले. भिंतीलगत दोन दगडांवर फळी टाकून केलेली बैठक रिकामी होती.

“मागे आलो होतो तेव्हा इथं शेंगा विकणाऱ्या बाई बसायच्या. कुठं गेल्या?”

“दोन-तीन रविवार दिसल्या नाहीत खऱ्या. असतील कुठेतरी, गुरुजी.”

“नाव काय त्यांचं?”

शिष्याने मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, पंच नथानिएल पगारे यांच्याकडे पाहिले. पगारे म्हणाले, “ती होय? शेंगावाली.” म्हणजे नाव विचारले, तर त्यांनी धंदा सांगितला.

“आजारी तर नसतील?” गुरुजींच्या स्वरात काळजी होती. तेवढ्यात उपासनेची घंटा झाली आणि सगळे आत गेले.

उपासना यथासांग पार पडली. आता आमच्या मंडळ्यांमधली एक रीत सांगितली पाहिजे. उपदेशात डुलकी लागली तर आम्ही क्षमा करतो, पण शेवटचा आशीर्वाद घेतल्याशिवाय कुणी जागचे हलत नाही. बायका पदर सारखा करतात, पुरुष माना लववून डोळे मिटतात, आणि त्या मिटल्या डोळ्यांपुढे बहुतेकांना चुलीवरचे रविवारचे मटण दिसत असते. मी स्वतःला यातून वगळत नाही.

त्या दिवशीही सगळे डोळे मिटून उभे राहिले. पण गुरुजींनी हात वर केलाच नाही. ते व्यासपीठावरून उतरले, बाकांमधून चालत दाराशी गेले, वहाणा पायांत सरकवल्या आणि बाहेर पडले. एक मिनिट गेले, दुसरेही गेले. अखेर पगारेंनी एक डोळा उघडला. व्यासपीठ रिकामे!

शिष्य धावतच बाहेर आला. गुरुजी रस्त्यापलीकडच्या चहावाल्याशी बोलून स्टँडमागच्या बोळात वळत होते. शिष्य त्यांच्या मागे, शिष्यामागे पगारे, आणि आशीर्वादाविना घरी जावे तरी कसे म्हणून पगारेंच्या मागे उरलेली सगळी मंडळी. दीडशे पावलांवर एक पत्र्याची खोली होती. आत ती बाई गोधडीत पडली होती. अंगात सणसणून ताप, उजवा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, आणि उशाशी पाण्याचा रिकामा तांब्या.

“मावशी, नाव काय तुमचं?” गुरुजींनी खाली बसत विचारले.

“ठकूबाई.” आवाज जेमतेम निघाला.

गुरुजींनी मागे न पाहताच विचारले, “मंडळीत नर्स किती आहेत रे?”

“तीन,” शिष्य म्हणाला, “निवृत्त धरल्या तर पाच.” आकडा तोंडातून निघाला आणि त्याचे त्यालाच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्या पाचांतल्या सुलोचना सिस्टर एव्हाना गर्दीतून वाट काढीत आत शिरल्या होत्या. त्यांनी पाय पाहिला, नाडी पाहिली आणि पगारेंना म्हणाल्या, “भाऊ, जीप आणा. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. आणखी दोन दिवस गेले असते तर पाय काय, जीवही गेला असता.” पगारे पळत सुटले. पासष्टीच्या माणसाला असे पळताना गावाने पहिल्यांदाच पाहिले. सिस्टर ठकूबाईंना चमच्याने पाणी पाजू लागल्या.

शिष्य दाराबाहेर उभा होता. त्याने हळूच विचारले, “गुरुजी, आशीर्वाद का नाही दिलात? आमचं चुकलं म्हणून शिक्षा केलीत का?”

“शिक्षा नाही रे बाबा,” गुरुजी म्हणाले. “आशीर्वाद म्हणजे शिदोरी. वाटेला लागणाऱ्याला बांधून देतात ती. दारातच सोडून खाल्ली तर तिला शिदोरी कोण म्हणेल? तुम्ही दर रविवारी घेता आणि तिथंच खाऊन मोकळे होता.”

“पण गुरुजी, आम्ही वर्षातून एकदा मिशन-रविवार पाळतो. दूरदूरच्या गावांसाठी प्रार्थना करतो.”

“करता, आणि ती करायलाच हवी. पण बाकीच्या एकावन्न रविवारांचं काय? अरे, ज्यांनी तुझ्या-माझ्या पणज्याला सुवार्ता सांगितली, ते समुद्र ओलांडून आले होते. आपल्याला नुसता रस्ता ओलांडायचा होता. प्रभू माणसं गोळा करतो ती बाहेर धाडण्यासाठी. आणि एक ध्यानात ठेव. या बाई उद्या चर्चमध्ये येतील की नाही, हे मनात धरून इथं पाऊल टाकू नकोस. ते त्यांचं आणि प्रभूचं. जायचं काम तेवढं आपलं.”

जीप आली. चौघांनी गोधडीसकट ठकूबाईंना उचलले. त्यांची नजर शिष्याच्या पांढऱ्या झग्यावर गेली आणि त्यांनी त्याची बाही धरली.

“तुमी त्या देवळातले ना? एक इचारू का? रागावू नका.”

“विचारा, मावशी.”

“तुमच्यात ते मेंढराचं गानं म्हनत्यात. हरवलेल्या मेंढराचं. अकरा वर्सं ऐकते मी भायेर बसून. पर शेवटाला आलं की दुपारची एसटी यायची, आन मी गिऱ्हाईक बघायची. आता तर काचा लागल्यापासनं काईच ऐकू येत न्हाई.” त्या धाप टाकायला थांबल्या. “ते मेंढरू घावलं का वो?”

या विषयावर शिष्याने तीन उपदेश लिहिले होते, पण त्यांतले एक वाक्य त्याला आठवेना.

“घावलं, मावशी,” तो म्हणाला. “मालक स्वतः शोधायला गेला होता. खांद्यावर घेऊन आला.”

“बरं झालं बाई,” ठकूबाईंनी डोळे मिटले. “लई दिस घोर लागला हुता त्याचा.”

पगारे तोंड फिरवून डोळे पुसू लागले. अकरा वर्षे या बाईंनी आमच्या गाण्यातल्या मेंढराची काळजी वाहिली, आणि आम्हाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते! सुलोचना सिस्टर ठकूबाईंचे डोके मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या. आणखी दोघी आपणहून मागे चढल्या.

“आता दे आशीर्वाद,” गुरुजी शिष्याला म्हणाले.

शिष्याने त्या बोळातच हात वर केला. तीन वर्षे हे शब्द उच्चारून तो माणसांना घरी पाठवत आला होता. आज तेच शब्द उच्चारताना समोर जीप सुरू होती, आणि आणखी कोण कोण आजारी आहे हे बघायला मंडळीतली काही माणसे बोळात पुढच्या दारापर्यंत पोचलीही होती.